मारवाडी घोडा : रंग फासता येतो, चाल नाही!

विशेष प्रतिनिधी

एप्रिल २०२२ मध्ये पंजाबच्या संगरूर जिल्ह्यातून आलेली एक बातमी अनेकांनी हसत हसत वाचली असेल. तेथील एका कापड व्यापाऱ्याने सुमारे २३ लाख रुपये मोजून काळाभोर मारवाडी घोडा खरेदी केला. घरी आणून त्याला आंघोळ घातली, तेव्हा काळा रंग पाण्याबरोबर वाहून गेला आणि खालून निघाला तांबूस रंगाचा साधा घोडा! प्रकरण पोलिसांत गेले, वृत्तपत्रांत छापून आले आणि यथावकाश विस्मरणातही गेले.

या फसवणुकीतील खरा विरोधाभास मात्र फारशा कुणाच्या लक्षात आला नाही. मारवाडच्या जुन्या अश्वपरीक्षेत संपूर्ण काळा घोडा अशुभ मानला जाई. काळा रंग हा अंधाराचा आणि मृत्यूचा, म्हणून जाणकार असा घोडा दारात बांधण्याचे टाळत. आज त्याच रंगासाठी लाखो रुपये मोजले जातात. ज्या गुणासाठी हा घोडा शतकानुशतके वाखाणला गेला, त्याची चौकशी मात्र गिऱ्हाईक सर्वांत शेवटी करते. तो गुण म्हणजे त्याची चाल. पाठीवरच्या स्वाराला हिसका न देता मैलोन्‌मैल वाट कापणारी ही चाल मारवाड आणि काठियावाडात 'रेवाल' या नावाने ओळखली जाते.

मुंबई-पुण्याच्या रहिवाशाला घोडा ठाऊक असतो तो तीन ठिकाणचा. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर धावणारा थरोब्रेड, माथेरानला पर्यटकांना फिरवणारा तट्टू आणि लग्नाच्या वरातीत नवरदेवाला मिरवणारी घोडी. मुंबईच्या रस्त्यांवरची व्हिक्टोरिया उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानंतर बंद झाली. त्यामुळे घोडा हे कधीकाळी रोजच्या प्रवासाचे साधन होते आणि प्रवाशाच्या दृष्टीने त्याच्या वेगाहून त्याची चाल महत्त्वाची होती, हे आज मुद्दाम सांगावे लागते.

कानांवरून ओळख

मारवाडी घोडा ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. त्याचे दोन्ही कान आतल्या बाजूला वळलेले असतात आणि उत्तम जातिवंत जनावरात कानांची टोके एकमेकांना भिडून डोक्यावर कमान तयार होते. हे कान प्रत्येकी १८० अंशांपर्यंत फिरू शकतात. जगात असे कान असणाऱ्या अश्वजाती जवळपास नाहीतच. मारवाडी आणि त्याचा सौराष्ट्रातला भाऊबंद काठियावाडी, या दोघांनीच हे लेणे जपले आहे. या दोघांतला फरकही सांगण्याजोगा आहे. काठियावाडी घोडा चणीने लहान, त्याच्या नाकाची रेषा मध्यभागी किंचित खोल आणि कान अधिक बाकदार. मारवाडी उंच, लांब मानेचा आणि सरळ किंवा किंचित फुगीर नाकाचा.

घोड्याची उंची 'हातां'त मोजण्याची इंग्रजी पद्धत आहे. एक हात म्हणजे चार इंच. या मापाने मारवाडी घोडा साधारणतः १४ ते १५ हातांचा आणि काही वेळा त्याहूनही उंच भरतो. जुने जाणकार मात्र बोटांनी माप घेत. पाच जवाचे दाणे शेजारी शेजारी ठेवले की एक बोट, आणि अशा बोटांत चेहऱ्याची लांबी मोजून तिच्याशी बाकी शरीराचे प्रमाण ताडून पाहिले जाई. रंगांचेही शास्त्र होते. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असणारा पंचकल्याणी शुभ मानला जाई, तर संपूर्ण पांढरा नुकरा धार्मिक कार्यासाठी राखून ठेवला जाई. अबलख घोड्यालाही मोठी मागणी असे.

अंगावरील केसांच्या भोवऱ्यांना तर विलक्षण महत्त्व होते. मानेवरील भोवरा 'देवमण' म्हणून भाग्याचा, तर डोळ्यांखालचा भोवरा अपशकुनी. मराठीतही घोड्याच्या अंगावरील केसांच्या अशुभ ओळीला 'गोम' म्हणतात. 'यात एक गोम आहे' असे आपण सहज बोलून जातो, पण या शब्दामागे घोड्याच्या बाजारात पारखी नजरेने उभा असलेला गिऱ्हाईक आहे, याची आपल्याला आठवणही नसते.

वाळूने घडवलेला देह

या जातीच्या उगमाविषयी दंतकथांना तोटा नाही. कच्छच्या किनाऱ्याजवळ अरबी घोड्यांनी भरलेले एक गलबत फुटले, त्यातले सात घोडे पोहत काठावर आले आणि स्थानिक घोड्यांशी त्यांचा संकर होऊन ही जात निपजली, ही त्यांतील सर्वांत लोकप्रिय कथा. गलबताचे खरे-खोटे बाजूला ठेवले तरी कथेचा गाभा अगदीच निराधार नाही. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१४ साली एका मारवाडी घोड्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. त्यातून या जातीचे अरबी आणि मंगोलियन अशा दोन्ही अश्वकुळांशी नाते दिसून आले. कानांच्या वळणाशी संबंधित असू शकेल असा 'टीएसएचझेड १' नावाच्या जनुकातील बदलही याच अभ्यासात आढळला. वायव्येकडून येणाऱ्या व्यापारी व लष्करी वाटा आणि पश्चिमेकडचा समुद्र, या दोहोंच्या मध्ये मारवाड वसलेला आहे. तेव्हा दोन्हीकडचे रक्त येथे मिसळावे, यात नवल नाही.

घोड्याला आजचे रूप दिले ते राठोडांनी. परंपरेनुसार कनौजहून बाराव्या शतकाच्या अखेरीनंतर पश्चिम राजस्थानात आलेल्या या घराण्याने वाळवंटाच्या कडेला आपले राज्य उभारले. याच घराण्यातील राव जोधा यांनी १४५९ मध्ये जोधपूर वसवले. आजच्या बाडमेर परिसरातील मालाणी हा प्रदेश उत्तम घोड्यांसाठी विशेष प्रसिद्ध होता, म्हणून अनेक जुने लोक या घोड्याला 'मालाणी' असेच म्हणतात. लुणी नदीच्या पात्रात तिलवाडा येथे चैत्रात भरणारी मल्लिनाथांची जत्रा हे या प्रदेशातील जनावरांच्या व्यापाराचे जुने केंद्र आहे.

पाणी दुर्मीळ, चारा तुटपुंजा, दिवसा होरपळ आणि रात्री कडाक्याची थंडी. अशा मुलखात टिकून राहण्याची एकेक खूण या घोड्याच्या शरीरावर आहे. कातडी पातळ, खूर कठीण, पाय लांब आणि सडपातळ. खांद्याचा कोनही वेगळा. त्यामुळे मऊ वाळूत रुतलेला पाय सहज वर उचलता येतो. याची किंमत वेगाच्या रूपाने मोजावी लागते. रेसकोर्सच्या हिरवळीवर थरोब्रेड त्याला सहज मागे टाकील. पण वाळवंटात तास दोन तास नव्हे, तर सबंध दिवस चालायचे असेल, तर पारडे फिरते.

'रेवाल' म्हणजे काय?

घोड्याच्या चालीचे गणित थोडे समजून घेतले पाहिजे. साध्या चालण्यात घोड्याचे चारही पाय एकामागून एक पडतात. डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा असा क्रम असतो आणि कान देऊन ऐकले तर टापांचे चार स्वतंत्र ठोके ऐकू येतात. ही चाल आरामाची, पण संथ. घोडा दुडकी धरतो, तेव्हा पायांच्या तिरप्या जोड्या एकत्र पडू लागतात. डावा पुढचा आणि उजवा मागचा एका वेळी, मग उजवा पुढचा आणि डावा मागचा. आता ठोके दोनच. या दोन ठोक्यांच्या मध्ये एक क्षण असा येतो की चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. पुढच्याच क्षणी घोड्याचा सारा भार जमिनीवर आदळतो आणि त्याचा हिसका थेट स्वाराच्या कण्याला बसतो. हा हिसका चुकविण्यासाठी इंग्रजी पद्धतीने शिकलेला स्वार रिकिबीत पाय रोवून प्रत्येक ठोक्याला वर-खाली होत राहतो. अर्धा तास ठीक आहे. दिवसभर असे करणे हे अंग मोडून टाकणारे काम.

रेवाल ही या दोहोंमधली वाट आहे. यात वेग दुडकीचा असतो, पण पाय चालल्यासारखे सुटे सुटे पडतात. एका बाजूचा मागचा पाय पडतो न पडतो तोच त्याच बाजूचा पुढचा पाय पडतो, मग दुसऱ्या बाजूची पाळी. कोणत्याही क्षणी किमान एक पाय जमिनीवर असतोच. चारही पाय एकदम सुटत नाहीत, त्यामुळे आदळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. घोड्याची पाठ डावी-उजवीकडे हलकेच झुलते, पण वर-खाली होत नाही. पाण्याने काठोकाठ भरलेला पेला हातात धरून रेवाल चालीत घोडा पळवावा आणि थेंबही सांडू नये, ही या चालीची पारंपरिक कसोटी.

उंटाच्या काफिल्यांचे, दूरदूरच्या ठाण्यांचे आणि अनेक दिवसांच्या मोहिमांचे हे जग होते. त्यात अशा चालीचे मोल किती असेल, याची कल्पना करता येईल. स्वार मुक्कामावर पोहोचतो तेव्हा थकून कोसळलेला नसतो. उतरल्याबरोबर तो तलवार उचलू शकतो. सांडणीस्वाराइतकाच रेवाल चालीच्या घोड्यावरचा निरोप्याही भरवशाचा ठरे. युद्धातील अखेरची धडक चौखूर उधळलेल्या घोड्याने मारली जाते हे खरे, पण त्या धडकेच्या जागेपर्यंत सैन्य पोहोचते ते चालीच्या बळावर.

जनुक वाट दाखवते, सराव चाल घडवतो

अशी सुखावह चाल ही केवळ मारवाडची मिरास नव्हे. आइसलँडचे बुटके घोडे, पेरूचे पासो, अमेरिकेतील टेनेसी वॉकिंग हॉर्स अशा अनेक जातींत तिचे निरनिराळे प्रकार दिसतात. त्यामागचे एक मोठे कारण शास्त्रज्ञांना २०१२ मध्ये सापडले. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील पथकाने आइसलँडच्या घोड्यांचा अभ्यास करून 'डीएमआरटी ३' नावाच्या जनुकातील एक बदल शोधून काढला. हे जनुक मेरुरज्जूतील अशा चेतापेशींमध्ये कार्यरत असते, ज्या पायांच्या हालचालींचा मेळ घालतात. बदल झालेले जनुक मिळालेल्या घोड्याला नेहमीच्या दुडकीपलीकडच्या चाली जमू शकतात. पुढे जगभरातील १४१ जातींच्या चार हजारांहून अधिक घोड्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी ६८ जातींत हा बदल कमी-अधिक प्रमाणात आढळला. प्राचीन अवशेषांतील जनुकांच्या अभ्यासानुसार त्याचे सर्वांत जुने पुरावे इंग्लंडमधील यॉर्क येथील, इसवी सन ८५० ते ९०० या काळातील घोड्यांत मिळाले.

जनुक असले म्हणजे चाल आपोआप येते असे मात्र नाही. पाठीची ठेवण, पायांची लांबी, घोड्याचा स्वभाव आणि मुख्य म्हणजे सराव, या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. मारवाड-काठियावाडात शिंगराची चाल हेरून त्याला पुढे रेवालीत पक्के करण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. लगामाचा ताण किती ठेवायचा, घोडा दुडकीत घसरू लागला की बैठकीने त्याला कसे सावरायचे, हे ज्ञान ग्रंथांपेक्षा मोतद्दारांच्या हातांत आणि मांड्यांत साठलेले होते. ज्ञान असे हातांत असते, तेव्हा हात गेले की ज्ञानही जाते.

युरोपचा इतिहास हेच सांगतो. मध्ययुगात तेथे प्रवासासाठी सुखचालीच्या घोड्यांना मोठा मान होता. पुढे रस्ते सुधारले, चाकांच्या गाड्या वाढल्या आणि गाडी ओढण्यासाठी दुडकीचा घोडा अधिक सोयीचा ठरला. पाहता पाहता युरोपातील बहुतेक भागांतून ही चाल नाहीशी झाली. आइसलँडसारख्या, चाकाचे रस्ते उशिरा पोहोचलेल्या मुलखात ती टिकून राहिली. चाल टिकते ती गरजेमुळे, हा त्यातला धडा.

वैभव आणि विस्मरण

मारवाडी घोड्याचा इतिहास सांगताना चेतकचे नाव येतेच. १५७६ च्या हळदीघाटीच्या लढाईत महाराणा प्रतापांना वाचवून प्राण सोडणारा हा घोडा. तो मारवाडी की काठियावाडी, यावर दोन्ही प्रांत आजही हक्क सांगतात. लोकपरंपरेने त्याला अमर केले असल्यामुळे हा वाद मिटण्याची चिन्हे नाहीत आणि कदाचित गरजही नाही.

दुसरा प्रसंग पहिल्या महायुद्धातला. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर लान्सर्सच्या घोडेस्वारांनी म्हैसूर लान्सर्सच्या साथीने हैफा शहर जिंकले. समोर मशीनगन आणि तोफा असताना भाले-तलवारी घेऊन केलेली ही चढाई घोडदळाच्या इतिहासातील अखेरच्या मोठ्या विजयांपैकी एक मानली जाते. मेजर दलपतसिंह शेखावत या लढाईत धारातीर्थी पडले. दिल्लीतील तीन मूर्ती स्मारक हे त्या मोहिमेतील जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या तीन संस्थानांच्या घोडदळांचे. हैफाचे श्रेय अनेकदा सरसकट मारवाडी घोड्याला दिले जाते. तथापि, त्या काळी हिंदुस्थानातील घोडदळात ऑस्ट्रेलियातून आणलेल्या 'वेलर' घोड्यांचा भरणा मोठ्या प्रमाणावर होता, हेही विसरता येणार नाही.

या वेलर घोड्यांच्या उल्लेखातच मारवाडीच्या उतरणीची सुरुवात आहे. इंग्रज अधिकाऱ्यांना थरोब्रेड आणि पोलोचे तट्टू प्रिय होते. मुंबई बंदरात आखातातून येणाऱ्या अरबी घोड्यांचा व्यापार तेजीत होता. वळलेल्या कानांची 'नेटिव्ह घोड्याची खूण' म्हणून थट्टा होऊ लागली. साहेबाला जे आवडत नाही ते संस्थानिकांनाही जुनाट वाटू लागले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जातीची अवनती इतकी झाली की जोधपूरचे महाराजा उमेदसिंह यांना चांगले घोडे-घोड्या गोळा करून पैदाशीकडे जातीने लक्ष द्यावे लागले. पुढे त्यांचे नातू गजसिंह यांनी हे काम चालू ठेवले.

स्वातंत्र्यानंतरचा आघात वेगळ्या स्वरूपाचा होता. राजस्थानात १९५२ च्या कायद्याने जहागिऱ्या संपुष्टात आल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा न्यायच होता, यात शंका नाही. पण जहागीरदारांच्या पागा ज्या उत्पन्नावर चालत, ते थांबले. संस्थानांची घोडदळे मोडून त्यांचे अवशेष ६१ व्या कॅव्हलरीत विलीन झाले. ज्या घोड्यावर बसण्याचा मान केवळ सरदारांना होता, तो सरंजामशाहीचे प्रतीक ठरला. असंख्य घोडे मातीमोल किमतीला विकले गेले, काही खच्ची केले गेले, काही ओझी वाहू लागले, तर काहींना गोळ्या घातल्या गेल्या. १९७१ मध्ये तनखे बंद झाले आणि उरल्यासुरल्या पागांनाही कुलपे लागली.

परतीचा प्रवास

नव्वदच्या दशकात चित्र पालटू लागले. शेखावाटीतील दुंडलोद येथील रघुवेंद्रसिंह यांच्यासारखे अश्वप्रेमी आणि फ्रान्सेस्का केली या परदेशी घोडेस्वार यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये 'इंडिजिनस हॉर्स सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन झाली. अनेक दशके देशी घोड्यांच्या निर्यातीवर बंदी होती. २००० साली पहिल्यांदा काही मारवाडी घोडे अमेरिकेला गेले. २००६ पर्यंत थोडे घोडे जात राहिले. नंतर देशातील पैदाशीवर परिणाम होईल या चिंतेने परवाने थांबवण्यात आले. जातीची वंशनोंद ठेवणारी पुस्तिकाही या शतकाच्या पहिल्या दशकात आकाराला आली. आई-बापाची नोंद, अंगावरील खुणा, शरीराची मापे या साऱ्याची लेखी नोंद नसेल, तर 'शुद्ध' या शब्दाला काहीच अर्थ उरत नाही, हे त्यामागचे सूत्र.

शास्त्रज्ञही मागे नाहीत. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर शाखेत मे २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणाच्या तंत्राने मारवाडी शिंगरू जन्माला आले. त्याचे नाव ठेवले 'राज-प्रथम'. पुढे गोठवलेल्या भ्रूणापासून शिंगरू मिळविण्यातही या केंद्राला यश आले. या प्रयोगांची निकड आकड्यांवरून ध्यानात येते. २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टू यांची एकूण संख्या सुमारे ३ लाख ४० हजार भरली. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५.६ टक्के होती. त्यात मारवाडी घोडे होते अवघे ३३ हजारांच्या आसपास.

मोजपट्टीचे राज्य

ही संख्या तुटपुंजी असली, तरी बाजारातील भाव मात्र चढेच आहेत. पुष्करपासून सारंगखेड्यापर्यंत कोणत्याही जत्रेत लाखालाखांच्या बोली ऐकू येतात. मग चिंता कशाची? चिंता आहे ती कशाला भाव मिळतो याची.

आजच्या बाजारात पहिला प्रश्न उंचीचा असतो. घोडा किती इंच? दुसरा प्रश्न रंगाचा. तिसरा कानांचा. त्यानंतर तो नाचतो का, हे विचारले जाते. वरातींमध्ये आणि उत्सवांत ढोलाच्या तालावर पुढचे पाय उचलून थिरकणाऱ्या घोड्याला मागणी मोठी. हे नृत्य दिसायला देखणे असले, तरी ते अनेकदा पाय बांधून आणि तोंडात टोचणारा लगाम घालून शिकवले जाते. काटेरी लगामावर १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. तरीही त्याचा वापर थांबलेला नाही आणि तो थांबावा म्हणून प्राणिमित्र संघटनांना आजही मोहिमा चालवाव्या लागतात.

कोणतीही अश्वजात म्हणजे तिच्या मालकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली निवड. मालक ज्या गुणाला किंमत देतो, त्या गुणाचा वळू अधिक घोड्यांना लागतो आणि तो गुण पुढच्या पिढीत वाढतो. जुना राजपूत स्वार घोड्यावर बसून मैलोन्‌मैल जात असे, म्हणून त्याची निवड चालीची, दमाची आणि स्वभावाची होती. आजचा मालक घोडा दोराला धरून मिरवतो, त्याची छायाचित्रे काढतो. साहजिकच त्याची निवड डोळ्यांना दिसणाऱ्या गुणांची असते. उंची वाढते, कान अधिक वळतात, मान अधिक लांबते. पाठीवर बसल्याखेरीज न कळणारी चाल मात्र कुणी तपासत नाही. एखादा गुण कुणी मुद्दाम नष्ट केला नाही तरी, त्याची निवड थांबली की तो हळूहळू विरून जातो.

अर्थात, चालीला बाजारात किंमत आली की सारे सुरळीत होईल, असेही नाही. टेनेसी वॉकिंग हॉर्सचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. मळ्यांवर फिरण्यासाठी पैदा केलेली ही सुखचालीची जात प्रदर्शनांत उतरली, तेव्हा पुढचे पाय अधिकाधिक उंच उचलणाऱ्या घोड्याला बक्षिसे मिळू लागली. मग पाय उंच उचलावेत म्हणून घोड्यांच्या खुरांवरच्या भागाला दाहक रसायने लावून त्यांना जाणूनबुजून वेदना देण्याचा क्रूर प्रकार सुरू झाला. तो रोखण्यासाठी अमेरिकेला १९७० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तरीही तो पूर्णतः थांबला नाही. तेथे चालीचेही सोंग आणले गेले. दोष चालीचा नव्हता. ती प्रेक्षकांच्या डोळ्यांनी जोखली गेली, स्वाराच्या पाठीने नव्हे, हा दोष होता.

सारंगखेड्याची वाट

या विषयाचा महाराष्ट्राशी संबंध दूरचा नाही. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात तापीकाठी वसलेल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास एकमुखी दत्ताची यात्रा भरते. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा राज्यांतून घोडे घेऊन व्यापारी येथे येतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आणि सोलापूर जिल्ह्यातील अकलूजचा बाजार हीदेखील घोड्यांच्या व्यवहाराची ठिकाणे. महाराष्ट्रातील हौशी मालकांकडे येणारे बहुतेक मारवाडी आणि काठियावाडी घोडे अशाच बाजारांतून येतात. येथे शर्यती होतात, नाचाच्या स्पर्धा होतात आणि रेवाल चालीच्याही स्पर्धा होतात. गर्दी अर्थातच नाचाभोवती अधिक असते.

मराठी माणसाचे स्वतःचे घोड्याचे शहाणपण काही कमी नव्हते. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद आपल्या लष्करी व्यवस्थेचा पाया होता. भीमेच्या खोऱ्यातील काटक भीमथडी घोड्याने मराठ्यांच्या दौडी तोलून धरल्या. दौडी संपल्या आणि हा घोडा इतका विसरला गेला की पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर भागांतील मेंढपाळ धनगरांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहत तो कसाबसा टिकला. स्वतंत्र जात म्हणून त्याची अधिकृत नोंद झाली ती अगदी अलीकडे. त्याला ना वळलेले कान, ना डोळ्यांत भरणारी उंची. पण धनगरांना त्याची रोज गरज होती, म्हणून त्याचे काटकपण शाबूत राहिले. मारवाडी घोड्याचे नेमके उलट झाले. त्याचे रूप शाबूत आहे; गरज संपली आहे.

मग उपाय काय? जगात इतरत्र तो सापडला आहे. आइसलँडमध्ये आज घोड्यावरून प्रवास करण्याची सक्ती कुणावर नाही, तरीही तेथील घोड्यांचे गुणांकन करताना त्यांची चाल स्वार बसवून तपासली जाते आणि तिला भरघोस गुण असतात. ज्या वळूच्या चालीला गुण कमी, त्याला पैदाशीसाठी मागणी कमी. मारवाडी घोड्याची वंशनोंद आहे, जाणकार आहेत, पैसा ओतणारे हौशी मालकही आहेत. नोंदीच्या कागदावर उंची आणि कानांच्या वळणाशेजारी चालीचा एक रकाना असावा आणि तो भरण्यासाठी घोड्यावर खोगीर चढवून त्याला दहा-वीस किलोमीटर चालवले जावे, एवढेच घडले तरी बरेच काही साधेल. राजस्थानात घोड्यावरून गावोगाव नेणाऱ्या सफरींना देशी-विदेशी पर्यटक येतात. अशा सफरींतून चालीच्या घोड्याला पुन्हा एकदा खरे काम मिळते आहे, ही त्यातल्या त्यात आशादायक बाब.

संगरूरच्या त्या व्यापाऱ्याची चूक काय झाली? त्याने घोडा पाहिला आणि पैसे मोजले. तो पाठीवर बसून कोसभर जाऊन आला असता, तर घोडा काळा की तांबडा हे कदाचित त्याला तेव्हाही कळले नसते. पण घोडा कसा आहे, हे नक्कीच कळले असते. सारंगखेड्याच्या पुढच्या यात्रेला जाणाऱ्या वाचकांनी एवढे तरी करून पाहावे. नाचाच्या रिंगणापासून थोडे दूर जावे आणि एखादा जुना स्वार घोडा रेवालीत आणत असेल, तर डोळे मिटून टापा ऐकाव्यात. दोन ठोके ऐकू आले तर ती दुडकी. सलग, भरभर पडणारे चार ठोके ऐकू आले, तर समजावे की मारवाडची जुनी वाट अजून पुरती बुजलेली नाही.